सातवा प्रश्न

खोलीला खिडकी नव्हती.
दंडाला पट्टा, छातीभोवती दोन नळ्या,
बोटांच्या टोकांना धातूच्या टोप्या,
समोरच्या भिंतीवर मुद्दाम काहीच नाही.
लुंडक्विस्ट नावाचा माणूस, आवाज कोमट,
म्हणाला, "फक्त हो किंवा नाही, मार्लिस.
हलू नका. शक्यतो गिळूही नका."
त्या क्षणापासून तोंडात नुसतं पाणी.

आपण आत्ता डुलुथमध्ये आहोत का? हो.
खोलीत दिवा लागलेला आहे का? हो.
कामाच्या ठिकाणाहून कधी काही चोरलंत? नाही.
असं करत करत सातवा :
तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाशी
कधी गंभीर खोटं बोललात?

नाही, म्हटलं मी,
आणि बाबांची बोट खोलीत आली.
हिरवी, सोळा फुटी, डाव्या अंगाला ठिगळ.
शेवटचे तीन आठवडे ते रोज विचारायचे,
ताडपत्री नीट बांधलीस ना?
बांधली, म्हणायचे मी.
ती ऑक्टोबरातच गेली होती
ऑक्सिजनच्या बिलापायी, टू हार्बर्सच्या एका दंतवैद्याकडे.
हे 'गंभीर'मध्ये बसतं का
हे विचारायची सोय नव्हती. हलायचं नव्हतं.

लुंडक्विस्टने कागदावर खूण केली.
एवढंच. पेनाची एक खरखर.
मग नळ्या सोडवताना : "सातव्याला काय आलं मनात?"
काही नाही, म्हटलं.
हे मात्र धडधडीत खोटं,
पण तोवर यंत्र बंद झालेलं.

आज एकोणीस दिवस. पत्र नाही, फोन नाही.
नोकरी काय, तर रात्रपाळीला आणीबाणीचे फोन घ्यायचे,
घाबरलेल्या माणसाला सांगायचं, मी आहे, बोला.
खाई त्याला खवखवे म्हणतात;
न खाल्लेल्याच्या घशात काय होतं
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

हॉटेलच्या धुलाईघरात चादरी घडी करताना
माझी दोन बोटं आपोआप मानेवर जातात.
आई विचारते, जेवलीस? हो.
ठोका मोजते. जेवलेच होते, तरी मोजते.
बँकेतल्या मुलीने नाव विचारलं
तर मार्लिस हाकोला म्हणताना छातीत धस्स,
जणू हे नावही कुणाचं तरी उचललेलं.
पहाटे तीनला मीच लुंडक्विस्ट होते :
दिवा लागलेला आहे का?
नाही.
निदान हे तरी खरं.

रविवारी आर्वोकाकाबरोबर आयलंड लेकवर गेले.
बर्फाला भोक पाडून, उलट्या बादल्यांवर बसलो दोघं.
खालून मधूनच दणका यायचा,
लांबवर धावत जाणारा, बंदुकीसारखा.
मी दर वेळी दचकायचे.
"बोलतंय तोवर जाड होतंय," तो म्हणाला,
"गप्प झालं की सामान आवर."
मला ते बर्फापुरतंच वाटलं. बर्फापुरतंच असेल.

मग मी त्याला बोटीचं सांगितलं,
मानेवर बोटं न ठेवता.
तो दोरीकडे बघत राहिला.
"किती आले, मला विचारलं होतं त्याने," म्हणाला.
कधी?
"नोव्हेंबरात. कमी आले, म्हणाला."

नोव्हेंबरात.
म्हणजे ताडपत्रीचं विचारत होते तेव्हा
बाबांना ठाऊक होतं.
मग रोज का विचारायचे?
काकाने खांदे उडवले,
झारा माझ्या हातात दिला :
"भोक धरतंय बघ. काढ ते."

मी पातळ पापुद्रे काढत बसले.
पाणी काळं, जवळ, काहीच न नोंदणारं.
उद्या सोमवार. उद्या पत्र येईल किंवा नाही.
पण आता कुणी पुन्हा सातवा विचारला
तर हो की नाही,
आणि खोटं नेमकं कोण कुणाशी बोललं,
हे मला आधी
त्या हिरव्या बोटीत बसून
एका माणसाला विचारावं लागेल.

खालून परत दणका आला.
या वेळी झारा हातातून सुटला नाही, इतकंच.